नवऱ्याचा नंबर सांगा!

"तोंडं सोडा आधी सगळ्यांनी! आणि गाड्या बाजूला घ्या."

डिसेंबरातली पहाट, सव्वापाचचा सुमार, मिट्ट काळोख आणि हाडांत शिरणारी थंडी. साताऱ्याहून वाईकडे निघालेल्या आम्ही चौघी सायकली धरून रस्त्याच्या कडेला उभ्या होतो आणि समोरून विजेरीचा झोत थेट डोळ्यांवर येत होता. आम्ही तोंडावरचे रुमाल खाली ओढले. झोत एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर फिरला आणि मागे उभा असलेला तरुण शिपाई जवळजवळ ओरडलाच, "साहेब, बायका हायत!"

बायका तर आम्ही होतोच, पण अशा वेळी, अशा ठिकाणी, अशा वेषात! हे एवढं स्पष्टीकरण मला त्या क्षणी काही सुचलं नाही. वर्गात पन्नास मुलांपुढे पाऊण तास न थांबता बोलणारी मी, त्या दिवशी नुसती "अहो, ते... आम्ही..." करत राहिले.

आता मुळापासून सांगते. आम्हा चौघींचं सायकल-वेड वर्षभरापूर्वीचं. एक बँकेतली माझी मैत्रीण, एक दवाखान्यात नर्स असलेल्या (त्यांना आम्ही सगळ्या सिस्टरच म्हणतो), एक शेजारच्या, शिवणकाम करणाऱ्या वहिनी आणि चौथी मी. लहानपणी आम्ही सगळ्याच तासाच्या भाड्याने सायकल आणून, गुडघे फोडून घेऊन शिकलेल्या. कॉलेजात ओढणी चेनमध्ये अडकून रस्त्यातच फाटल्याचा प्रसंगही प्रत्येकीच्या खात्यावर एकेक. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. मग सिस्टरांची शुगर थोडी वाढली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि एकीला सोबत म्हणून चौघी निघाल्या. आधी दोन किलोमीटर, मग पाच, मग वीस. वर्ष होता होता मनात आलं, आपला जिल्हा एवढा सुंदर, तो आपण नेहमी एस.टी.च्या खिडकीतूनच का पाहायचा?

बेत ठरला तो असा. पहिल्या दिवशी साताऱ्याहून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि मुक्काम भिलारला. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर करून केळघरच्या घाटाने मेढ्याला उतरायचं आणि परत घरी. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातून वर चढायचं आणि वेण्णेच्या काठाने खाली यायचं. दोघी नद्या महाबळेश्वरच्याच, नि पुन्हा साताऱ्याजवळ संगम माहुलीला एकमेकींना भेटणाऱ्या. दोन माहेरवाशिणींच्या वाटेने जाऊन येण्यासारखंच हे!

एवढ्या लांब पल्ल्याला साडी किंवा पंजाबी ड्रेस चालत नाही, हे एव्हाना आम्हाला अनुभवाने कळलं होतं. पुण्याला शिकणाऱ्या पुतणीने यादी करून दिली. बैठकीला आतून गादी शिवलेली काळी घट्ट विजार. घट्ट अशासाठी, की चेनमध्ये काही अडकू नये आणि मांड्या घासून सोलवटू नयेत. वर भडक रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, पाठीशी खिसे असलेला सदरा. त्यावर उजेड पडला की चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. डोक्यावर हेल्मेट, हातमोजे, आणि गळ्यापासून नाकापर्यंत ओढायचा नळीसारखा रुमाल. थंडी, धूळ आणि ट्रकचा धूर या तिन्हींवर उपाय!

हा सगळा थाट करून मी पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिले आणि लगेच दार लावून घेतलं. सासूबाईंनी फटीतून पाहिलंच. "अगो बाई! सर्कशीत नाव घातलंस की काय?" म्हणाल्या. रागावल्या मात्र नाहीत. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "असं कर, अंधारात निघ. आळी जागी व्हायच्या आत बाहेर पड, म्हणजे कुणाला दिसायला नको."

वहिनींच्या घरीही थोड्याफार फरकाने हेच झालं. तेव्हा चौघींनी एकमताने ठरवलं, साडेचारला निघायचं. थंड हवेत अंतर कापलं जातं, हे आम्ही सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण ती काळी विजार!

शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटलो नि पोलिसांच्या नजरेत सापडलो, ते असे.

नाक्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथल्या मंडळींशी माझं भांडण नाही. त्या भागात शेतातल्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या, म्हणून नाकाबंदी होती. वयस्क हवालदार आणि तो तरुण शिपाई रात्रभर थंडीत उभे. अशा वेळी काळोखातून चार आकृत्या येतात, तोंडं झाकलेली, डोक्यावर टोप, अंगात काळे कपडे, गाड्यांचा आवाज नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही थांबवलंच असतं.

वहिनींच्या सायकलीला बांधलेली पिशवी उघडायला सांगितली. आतून निघाले टायर उचकटायचे चपटे दांडे, सहा कोनी किल्ल्यांचा जुडगा, पाना आणि छोटा पंप. हवालदारांनी तो दांडा विजेरीपुढे फिरवून पाहिला. "हे कशाला लागतं?" वहिनींनी कधी नव्हे ते धीटपणाने उत्तर दिलं, "पंक्चर काढायला. दाखवू काढून?" शिपायाला हसू आलं. वातावरण जरा निवळलं.

आम्ही आधार कार्डं दाखवली. मी शाळेचं ओळखपत्र दाखवलं. बँकेतल्या मैत्रिणीने तिचं दाखवलं. झालं, आता सोडतील असं वाटलं. पण हवालदारांनी ती कार्डं नुसती हातात धरली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ते ठीक आहे. घरी माहीत आहे का? मिस्टरांचा नंबर सांगा."

खरं सांगते, तोवर मला भीती वाटली होती, थोडी गंमतही वाटली होती. पण ह्या वाक्याने मात्र कुठेतरी टोचलं. फोटो, सही, शिक्का, सगळं हातात असताना ओळख पटायची राहिलीच होती.

मैत्रीण स्वभावाने शांत. तिने अगदी गोड आवाजात विचारलं, "दादा, आमचे मिस्टर असे सायकलवरून चालले असते, तर त्यांना बायकोचा नंबर विचारला असता का हो?"

हवालदार क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, उद्या काही झालं तर विचारणार आम्हालाच."

मी नंबर दिला. त्यांनी फोन लावला नि आवाज मोठा केला. इकडच्या झोपेतल्या "हॅलो"नंतर पोलिसांचं नाव ऐकल्यावर जो आवाज बदलला, तो मला अजून आठवतो. "काय झालं? कुठे आहे ती?" सगळं ठीक आहे म्हटल्यावर सुटकेचा श्वास ऐकू आला आणि मग हे म्हणाले, "हो हो, माझीच मिसेस. मी परवानगी दिलेली आहे साहेब, जाऊ द्या त्यांना."

लगेच सोडलं आम्हाला. हवालदारांनी वर थर्मासमधला चहाही दिला आणि एक सल्ला दिला, तो मात्र लाखमोलाचा. "पुढचा दिवा सगळ्यांचा आहे, पण मागचा लाल दिवा दोघींचाच लागलाय. ट्रकवाल्याला तुम्ही दिसणार नाही. उजाडल्यावर निघत जा की!"

चहा गरम होता, पण मला घोट गिळवेना. परवानगी! मी तर मागितलीच नव्हती. महिनाभर आधी नुसतं सांगितलं होतं, आणि त्यांनीच हौसेने हवा भरायचा पंप आणून दिला होता. मग हा शब्द आला कुठून?

वाईला पोचेपर्यंत उजाडलं. कृष्णेच्या घाटावर धुकं तरंगत होतं आणि रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ त्यातून हळूहळू वर येत होतं. पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायकांनी मान वर करून पाहिलं. वहिनींनी युक्ती केली होती. गुडघ्यापर्यंतचे चार सुती कुडते शिवून आणले होते, ते सदऱ्यावरून चढवले आणि दर्शन घेतलं. मनात म्हटलं, देवाला काही कुडत्याची गरज नसावी. पण आपल्याला बरं वाटलं, तेही काही थोडं नाही.

पसरणीचा घाट म्हणजे बारा-तेरा किलोमीटर नुसता चढ. शाहीर साबळ्यांचं गाव ते हेच पसरणी. पहिल्या दोन वळणांतच बोलणं बंद झालं. तिसऱ्या वळणावर सिस्टर उतरल्या, चौथ्यावर मी. चालत, चढवत, पुन्हा बसत आम्ही वर सरकत होतो. पण थांबलं की मागे वळून पाहावं! खाली वाईचं गाव, उसाच्या पट्ट्या, कृष्णेची वळणं आणि पलीकडे धोमचं पाणी चकाकतंय. घाटातून जाणाऱ्या मोटारीतल्या मुलांनी काचा खाली करून हात हलवले. पोलिसांना जे कपडे संशयाचे वाटले, ते ह्या मुलांना शर्यतीचे वाटले. कपडे तेच, फरक एवढाच, की आता लख्ख उजेड होता.

पाचगणीच्या पुढे स्ट्रॉबेरीची शेतं लागतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीच ही. एका शेताच्या बांधावर आम्ही दम खायला थांबलो. आत पाच-सहा बायका फळं खुडत होत्या. त्यांच्याकडे पाहिलं आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं. साडीवरून पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला नि तोंडाला करकचून बांधलेला रुमाल, फक्त डोळे उघडे. म्हणजे आमच्याच वेषातल्या!

त्यांतली एक मोठी बाई कमरेवर हात ठेवून जवळ आली. माझ्या सदऱ्याची बाही बोटांत धरून पाहिली. "ह्ये बरं हाय गं. घाम वाळत असंल लवकर." मी तिच्या शर्टाबद्दल विचारलं तर म्हणाली, "मालकाचा जुना हाय. ऊन लागत न्हाई, फवारलेलं अंगाला चिकटत न्हाई. कामाला कापाड कामाचंच पायजे की."

वर्षभर मी ज्या गोष्टीबद्दल संकोचत होते, ती तिने एका वाक्यात निकालात काढली. ह्या बायका पहाटे पाचला अशाच तोंडं बांधून कामाला निघतात. त्यांना कुणी थांबवून मालकाचा नंबर विचारत नसेल, कारण त्या कुठे निघाल्यात हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. आमचं तसं नव्हतं. बाई घरकामाला, नोकरीला, देवाला किंवा दवाखान्यात निघालेली लोकांच्या ओळखीची असते. ती नुसती आपल्या आनंदासाठी घाट चढायला निघाली, की मग तिचे कपडेही अनोळखी वाटायला लागतात.

निघताना त्या बाईनेही हसत विचारलंच, "तुमच्या मालकांनी सोडलं व्हय एवढ्या लांब?" पुन्हा तोच प्रश्न! पण एव्हाना माझी जीभ सुटली होती. म्हटलं, "आम्हीच आलोय, मावशी." तिने ओंजळभर स्ट्रॉबेऱ्या हातात घातल्या.

भिलार म्हणजे २०१७ साली झालेलं पुस्तकांचं गाव. घराघरांतून कपाटं भरून मराठी पुस्तकं, कुणीही जाऊन वाचावीत. माझ्यासारख्या शिक्षिकेला तर हे तीर्थक्षेत्रच. पण पाय इतके दुखत होते, की पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्या पानावरच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच निघालो. महाबळेश्वरला पोचलो, पंचगंगेच्या देवळात कृष्णा नि वेण्णा दोघींना नमस्कार केला आणि केळघरचा घाट उतरायला लागलो. उतार मोठा तीव्र. ब्रेक धरून धरून बोटं आखडली. मेढ्यात गरम भजी खाल्ली. कण्हेरच्या धरणाचं पाणी बाजूला घेत, दिवेलागणीच्या आत, आळीतली सगळी मंडळी ओट्यावर बसलेली असताना आम्ही घरी पोचलो. काळी विजार, हेल्मेट, सगळं तसंच. कुणी काही बोललं नाही. उलट समोरच्या आजी म्हणाल्या, "दमला असाल गं, पाणी प्या आधी!"

रात्री जेवणं झाल्यावर मी विषय काढला. "परवानगी दिली असं का म्हणालात?" हे गोंधळले. म्हणाले, "अगं, पहाटे पाचला पोलिसांचा फोन. मला वाटलं, तुला ट्रकने उडवलं. ती सुखरूप आहे म्हटल्यावर, तू लवकर सुटशील असा जो पहिला शब्द तोंडाला आला तो बोललो." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "पण पहिला तोच आला खरा." ह्यांचं हे बोलणं मला आवडलं. पुढे त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचून काढलं, आणि कळलं, की पॅरिसमध्ये १८०० साली पोलीसखात्याने हुकूम काढला होता. बाईला पुरुषी पोशाख करायचा, तर पोलिसांकडून परवाना घ्यायचा. प्राण्यांची चित्रं काढणाऱ्या रोझा बोनर ह्या नामवंत चित्रकर्तीनेही गुरांच्या बाजारात फिरता यावं म्हणून असा परवाना काढला होता. पुढे सायकली आल्या. मग १८९२ आणि १९०९ साली त्या हुकुमात सूट दिली गेली. बाईच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल, तर तिने विजार घातलेली चालेल! तो हुकूम निरर्थक झाल्याचं तिथल्या सरकारने औपचारिकपणे सांगितलं ते चक्क २०१३ साली. इंग्लंडात १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकलवरून, ढगळ विजारीत, ऑकम गावच्या हॉटेलात जेवायला गेल्या, तर मालकिणीने त्यांना कॉफीच्या खोलीत बसूच दिलं नाही. सायकलस्वारांच्या संघाने त्यांच्या वतीने खटला लढवला आणि १८९९ साली तो हरले. वाचून जरा धीर आला. आपल्याच नशिबी आलेलं हे नवं काही नाही!

आपल्याकडचा कायदाही वाचला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं १२२ वं कलम असं, की सूर्यास्त ते सूर्योदय ह्या वेळात गुन्ह्याच्या हेतूने तोंड झाकून वा वेष पालटून फिरणं, किंवा घरफोडीची हत्यारं जवळ असून त्याचं समाधानकारक कारण न सांगता येणं, हा गुन्हा आहे. म्हणजे झाकलेलं तोंड आणि टायरचे दांडे पाहून हवालदारांनी चौकशी केली, ते चुकीचं नव्हतं. पण नवऱ्याची परवानगी कुठल्याही कायद्यात मला सापडली नाही.

मैत्रिणींनो, तुम्हीही निघणार असाल, तर चार गोष्टी पदरी बांधा. नाका दिसला, की आपण होऊन रुमाल खाली घ्या नि सायकल हळू करा. फोटोचं ओळखपत्र हाताशी ठेवा, तळाशी नको. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. चौकशी झाली तर न चिडता नाव, गाव, कुठून कुठे, हे सांगा. आणि हेही माहीत असू द्या, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अपवादात्मक परिस्थिती सोडून बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. अटक झालेल्या बाईची अंगझडती घ्यायची, तर ती बाईनेच. अडचणीत ११२ हा नंबर लावावा.

पाचवी गोष्ट आमची आम्ही शिकलो. आता आम्ही उजाडल्यावर निघतो. आळीतून, सगळ्यांच्या देखत, त्याच कपड्यांत. पहिल्या रविवारी माना वळल्या, दुसऱ्या रविवारी कमी वळल्या. आता दूधवाला घंटा वाजवून विचारतो, "आज कुठवर?" सासूबाई स्वतः गेटपर्यंत येतात.

ओळखपत्राच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. अपघात झाल्यास कळवावे, म्हणून ह्यांचा नंबर लिहिला आहे. तो अपघातासाठी आहे. बाकी काही विचारायचं असेल, तर मी समोर उभी असतेच.